‘उलटी’ या नोंदीचा अर्थ : लक्षण, निदान आणि संकेतांक

पावसाळ्याच्या तोंडाशी विहिरींना नवे पाणी येते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत एक शब्द वारंवार दिसू लागतो. तो शब्द म्हणजे ‘उलटी’. कोठे ‘वांती’, कोठे ‘मळमळ’, कोठे ‘उलट्या-जुलाब’, तर कोठे नुसतेच ‘गॅस्ट्रो’ असे लिहिलेले आढळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तेवढा शब्द पुरतो, कारण रुग्ण त्यांच्या समोर बसलेला असतो. परंतु नोंदवहीचे पान एकदा पुढे गेले, की रुग्ण दृष्टीआड होतो आणि तो शब्दच तेवढा मागे राहतो. तालुक्याला, जिल्ह्याला आणि राज्याला मात्र त्याच शब्दावरून निर्णय घ्यावयाचे असतात. पाणी तपासावयाचे की शाळेचे स्वयंपाकघर, टीसीएल पावडर पाठवावयाची की विषावरील उतारा, हे ‘उलटी’ या एका शब्दावरून ठरविता येत नाही.

निरनिराळ्या ठिकाणच्या वैद्यकीय नोंदी एकाच मापाने मोजता याव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेतर्फे ‘रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण’ प्रसिद्ध करण्यात येते. त्यात प्रत्येक रोगाला, इजेला आणि लक्षणाला एक संकेतांक दिलेला असतो. या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मळमळ व उलटी यांचा संकेतांक ‘आर ११’ असा आहे. (मूळ पुस्तकात एक रोमन अक्षर व त्यापुढे अंक अशी मांडणी असते, येथे ते अक्षर उच्चाराप्रमाणे लिहिले आहे.) हा संकेतांक कोठे वापरावयाचा, आणि विशेषतः कोठे वापरावयाचा नाही, हे समजून घेतले तर आपल्या गावच्या नोंदीत नेमके काय उणे राहते, हेही ध्यानात येते.

नावांचा घोटाळा

नावांचा हा घोटाळा जुना आहे, आणि त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच भाषेत सापडते. सोळाव्या शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. उलट्या व जुलाब होऊन माणसाला अल्पावधीत संपविणाऱ्या एका रोगाचे वर्णन त्यात असून येथील लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात, हेही ओर्ताने नोंदविले आहे. ते नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. पोर्तुगिजांनी तिची ‘मोर्देशी’ केली. पुढे फ्रेंचांच्या तोंडी तेच ‘मोर द शियाँ’ झाले, आणि फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होत असल्यामुळे, मूळ शब्द मराठी मुलखातील आहे याचा कित्येकांना विसर पडला. इकडे त्याच रोगाला कोणी पटकी म्हणत, कोणी महामारी, तर पुढे सर्वत्र कॉलरा हे नाव रूढ झाले. आज घरोघरी मोडशी म्हणतात ती साध्या अपचनाला. एका रोगाला चार नावे, आणि एका नावाखाली चार रोग! अशा नोंदींची बेरीज केली तर उत्तर काय येणार?

इंग्लंडमध्ये १८३७ साली जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्या कार्यालयातील विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाला हीच अडचण भेडसावली. एकच रोग तीन-चार नावांनी लिहिला जातो आणि मूळ व्याधीऐवजी तिचे परिणामच नोंदले जातात, अशी त्याची तक्रार होती. या शास्त्राला एकसूत्री नामावलीची गरज तितकीच आहे जितकी भौतिक शास्त्रांना वजनमापांची, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या आणि इतरांच्या कामाचा आधार घेऊन झाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञाने तयार केलेली मृत्यूकारणांची यादी १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात स्वीकारली गेली. आजच्या वर्गीकरणाचे मूळ ते. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूबरोबरच आजारपणाच्या नोंदींसाठीही वापरले जाऊ लागले. दहावी आवृत्ती मे १९९० मध्ये मान्य झाली व १९९४ पासून वापरात आली. अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्याकडील मृत्यूच्या कारणांचे संकेतन दहाव्या आवृत्तीच्या आधारे होत आले असल्यामुळे प्रस्तुत विवेचन तिलाच धरून केले आहे.

‘आर’चे प्रकरण

दहाव्या आवृत्तीतील बहुतेक प्रकरणे शरीराच्या एखाद्या संस्थेची किंवा रोगांच्या एखाद्या जातीची आहेत. ‘ए’ व ‘बी’ या अक्षरांखाली संसर्गजन्य रोग येतात, ‘के’खाली पचनसंस्थेचे विकार, ‘ओ’खाली गर्भारपण व बाळंतपण, ‘टी’खाली विषबाधा. अठरावे प्रकरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. ‘आर’ हे अक्षर लाभलेल्या या प्रकरणात ज्यांचा मूळ रोग ठरलेला नाही अशी लक्षणे, चिन्हे आणि तपासण्यांचे अनिश्चित निष्कर्ष एकत्र केले आहेत. ताप, खोकला, पोटदुखी, चक्कर आणि त्यांच्याच पंक्तीला मळमळ व उलटी.

म्हणजेच ‘आर ११’ लिहिणे याचा अर्थ ‘उलटीपलीकडे आम्हांला काही ठरविता आले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणे होय. या संकेतांकाखाली वर्गीकरणकारांनी काही अपवाद मुद्दाम नमूद केले आहेत. रक्ताची उलटी असेल तर ती येथे बसत नाही. तिचे स्थान ‘के ९२.०’ येथे आहे. गर्भवतीच्या अतिरेकी उलट्या ‘ओ २१’ मध्ये जातात, नवजात अर्भकाची उलटी ‘पी ९२.०’ मध्ये, पोटाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची ‘के ९१.०’ मध्ये, तर मानसिक कारणाने होणारी ‘एफ ५०.५’ मध्ये. उलटी कोणाला झाली, कशानंतर झाली आणि तीत काय पडले, एवढी तीन उत्तरे मिळाली तरी पुष्कळदा घर बदलते. ही तीन उत्तरे मिळविण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, हे विशेष.

रोगाचे निदान झाले की लक्षण वेगळे लिहावयाचे कारण उरत नाही. कॉलरा असे ठरल्यावर ‘ए ००’ हा संकेतांक पुरेसा आहे; त्या रोगात उलटी गृहीतच आहे. ज्याला आपण सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतो त्या जठर-आंत्रदाहालाही ‘ए ०९’ हे स्वतंत्र घर दिलेले आहे.

अमेरिकेने आपल्या रुग्णालयांसाठी या आवृत्तीचा अधिक तपशीलवार अवतार तयार केला असून तो तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरला जातो. त्यात नुसती मळमळ, मळमळीविना उलटी, जोराने लांब फेकली जाणारी उलटी, पित्ताची उलटी, मळमळीसह उलटी असे ‘आर ११’चे अनेक पोटभेद पाडले आहेत. रुग्णालयाचे देयक संकेतांकावरून मंजूर होणाऱ्या देशात एवढी बारकाई स्वाभाविक म्हटली पाहिजे. आपल्या ग्रामीण नोंदीला ती आवश्यक आहे असे वाटत नाही. आपली अडचण पोटभेदांची नाही. उलटीचे कारण विचारलेच जात नाही, ही आहे.

येथे आयुर्वेदाचा उल्लेख करणे उचित होईल. आयुर्वेदाने उलटीला ‘छर्दी’ म्हणून स्वतंत्र व्याधीचे स्थान दिले असून चरकसंहितेत तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पाचवा किळसवाण्या गोष्टींच्या संपर्काने होणारा आहे. मळमळीलाही ‘हृल्लास’ असा निराळा शब्द आहे. अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकासाठी वेगळा विभाग असून आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांची भर त्यात जानेवारी २०२४ मध्ये पडली. आधुनिक वैद्यकापुरते पाहिल्यास मळमळ व उलटी यांचा अकराव्या आवृत्तीतील संकेतांक ‘एमडी ९०’ असा आहे. पत्ता बदलला, तरी घर लक्षणांच्याच वस्तीत राहिले आहे.

एका शब्दाआड काय दडते

शालेय पोषण आहार घेतल्यानंतर मुलांना उलट्या होऊ लागल्या, असा प्रसंग घेऊ. शिक्षकांनी जेवणाची वेळ आणि पहिल्या मुलाला उलटी झाली ती वेळ, एवढे दोन आकडे टिपले तरी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे अर्धे काम होते. शिजवून ठेवलेल्या अन्नात काही जिवाणू आधीच विष तयार करून ठेवतात. असे अन्न पोटात गेल्यास साधारणतः १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात, ताप बहुधा नसतो. याचे स्थान ‘ए ०५’ या गटात आहे. साल्मोनेला जातीच्या जिवाणूंना पोटात वाढावयास वेळ लागतो. त्यामुळे त्रास सहा तासांनंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि सोबत जुलाब व ताप असतो. तो ‘ए ०२’. आणि जेवता जेवताच किंवा पानावरून उठताच मुलांना उलट्या होऊ लागल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असण्याचा संशय घेतलाच पाहिजे. ‘टी ६०’ हा तिचा संकेतांक. तेथे मिनिटांचा प्रश्न असतो.

हे भय काल्पनिक नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामण या गावी शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. त्या मुलांचे पहिले लक्षणही पोटदुखी आणि उलटी हेच होते. अशा वेळी ‘अन्न बाधले’ असे समजून वाट पाहण्यात जो वेळ जातो, तो विषावरील उताऱ्याचा वेळ असतो.

कापसाच्या पट्ट्यात हीच गोष्ट निराळ्या रूपाने पुढे येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळते, डोके दुखते, उलटी होते. घरची माणसे ते ऊन लागल्याचे किंवा पित्ताचे लक्षण समजतात. ‘आज फवारणी केली होती काय?’ हा एक प्रश्न नोंदवहीत उत्तरासह उतरला, तर ‘आर ११’ची जागा ‘टी ६०’ घेते.

विंचूदंशाचे उदाहरण तर महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कित्येक मृत्यू होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांची लक्षणे बारकाईने नोंदली. उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय ही पुढे हृदयावर होणाऱ्या परिणामाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते मांडले. त्याच नियतकालिकात १९८६ साली प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचे त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले आणि उपचाराची दिशा बदलली. नुसती ‘उलटी’ असे लिहून ते थांबले असते तर हे घडले नसते. मण्यार जातीच्या सापाचेही असेच आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री तो चावतो, दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, आणि पहाटे रुग्ण पोटात दुखते व उलटी होते म्हणून उठतो. पापण्या जड होऊ लागल्या तरी घरच्यांचा समज पोटाच्या विकाराचाच असतो.

गर्भवतीच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. तेथे उलटीचे कारण सर्वांना ठाऊक असते, म्हणून कोणी नोंदच करीत नाही. पहिल्या महिन्यांतील साधी ओकारी आणि पाण्याचा घोटही न टिकणे यांत फरक आहे. दुसऱ्या अवस्थेत शरीरातील पाणी व क्षार कमी होऊन आईच्या जिवाला धोका संभवतो, ‘ओ २१.१’ हा संकेतांक त्यासाठीच राखून ठेवला आहे. नवजात बाळाच्या हिरव्या उलटीविषयीही एक वाक्य येथे सांगणे भाग आहे. ते आतड्याच्या अडथळ्याचे चिन्ह असू शकते आणि त्या बाळाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवावयास हवे.

खोट्या निदानापेक्षा खरे अज्ञान बरे

याचा अर्थ ‘आर ११’ लिहिणे कमीपणाचे आहे, असा कोणी घेऊ नये. रुग्ण एकदाच आला, औषध घेऊन बरा झाला, तपासणीचा प्रश्न आला नाही, अशा ठिकाणी तोच संकेतांक योग्य होय. वर्गीकरणाने हे प्रकरण ठेवले आहे ते त्याचसाठी. वरिष्ठांकडून ‘अनिश्चित नोंदी कमी करा’ असे सांगण्यात आले, की सर्व उलट्या ‘ए ०९’खाली ढकलण्याचा मोह होतो. रकाना तेवढा नीटनेटका दिसतो; पण गावात नसलेली साथ कागदावर उभी राहते, किंवा खरी साथ सुरू होते तेव्हा तिची रेषा आधीच्या खोट्या आकड्यांत बुडून जाते. जेथे कारण विचारले आणि मिळाले नाही तेथे ‘आर ११’ खरा. जेथे विचारलेच नाही तेथे तो निष्काळजीपणा. दुर्दैवाने कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि हा या पद्धतीतील दोष मान्य केला पाहिजे.

पहिला शब्द कोण लिहितो

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. त्यात माहिती तीन पायऱ्यांनी वर जाते. आरोग्य सेवक-सेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरतात, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानाचा ‘पी’ नमुना भरतात आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्या रोगांचा ‘एल’ नमुना भरते. २०२१ पासून ही माहिती एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकाद्वारे नोंदविली जाते. एकच रुग्ण पहिल्या पायरीवर लक्षण असतो, दुसरीवर संशय आणि तिसरीवर निदान. पहिल्या पायरीवर डॉक्टरांइतके ज्ञान कोणी अपेक्षीत नाही. एकाच वस्तीतील किती जण, कोणत्या दिवसापासून, कोणत्या पाणवठ्यावरचे, ही माहिती मात्र तेथेच मिळते. वरच्या पायरीवर ती कोणालाही शोधून काढता येत नाही.

पंचायतीचा संबंध विशेषतः मृत्यूच्या नोंदीशी येतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाला द्यावयाची असते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास नमुना ४ मध्ये, आणि रुग्णालयाबाहेर झाल्यास अखेरच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरांनी नमुना ४-अ मध्ये, कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावयाचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळावयास हवी. प्रमाणपत्रात सर्वांत वर लगतचे कारण आणि त्याखाली क्रमाने त्याच्या मागची कारणे लिहितात. सर्वांत खालच्या ओळीवर मूळ कारण असते. आकडेवारीत मोजले जाते ते हे मूळ कारण. खालच्या ओळीवर ‘उलट्या’ एवढेच लिहिले, तर तो मृत्यू अनिश्चित कारणांच्या ढिगाऱ्यात जातो. तीच ओळ ‘ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा’ अशी लिहिली, तर ‘टी ६०.०’ मिळतो, आणि ती विषबाधा अपघाताने झाली असेल तर सोबत ‘एक्स ४८’ हा बाह्य कारणाचा संकेतांकही लागतो.

हा केवळ आकडेवारीचा प्रश्न राहत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा, सर्पदंश व विंचूदंश यांनी झालेले मृत्यू समाविष्ट आहेत आणि मृत्यूबद्दल वारसांना २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. फवारणीहून परतलेल्या, किंवा मण्यार चावलेल्या माणसाच्या कागदावर ‘उलट्या होऊन मृत्यू’ एवढेच असेल, तर त्याच्या विधवेने तालुका कार्यालयात कोणत्या आधारावर बोलावे? निबंधकाला निदान करण्याचा अधिकार नाही आणि तो त्याने घेऊही नये. परंतु प्रमाणपत्रावर केवळ लक्षण लिहून आलेले दिसले, तर संबंधित डॉक्टरांकडे मूळ कारणाची विचारणा करणे त्याच्या हाती आहे.

शेवटी एक व्यावहारिक बाब. प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा काही दिवसांनी येतो आणि तोपर्यंत बाह्यरुग्ण नोंदवहीची कित्येक पाने पुढे गेलेली असतात. अहवाल स्वतंत्र फाइलमध्ये लावला जातो आणि मूळ ओळ ‘उलटी, आर ११’ अशीच राहून जाते. तिला खाडाखोड न करता त्याच ओळीपुढे नवे निदान, त्याचा संकेतांक, अहवालाची तारीख आणि स्वाक्षरी घालावी. त्यासाठी नोंदवहीच्या उजव्या बाजूस शेऱ्याचा रकाना छापलेला असतोच. बहुतेक नोंदवह्यांत तो कोरा असतो.